पांढरी पट्टी संपली तिथे

नव्या विजेच्या गाडीत बसलं की मला मळमळायचं. वाढवून सांगत नाही, पर्समध्ये आवळासुपारीची डबी ठेवायला लागले होते. आमची जुनी पेट्रोलची गाडी पाय काढला तरी थोडी पुढे घरंगळायची. ही पाय काढला रे काढला की आपली आपणच थांबायला लागायची आणि पाय ठेवला की झेप घ्यायची. आमच्या राजपुऱ्याच्या गल्लीत रिक्षा, बकऱ्या, कापडाचे तागे लादलेल्या हातगाड्या सारख्या आडव्या येतात. तिथून मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत माझी अर्धी डबी रिकामी व्हायची.

वर ती कोकलायची. कोणी जवळून गेलं की टीं टीं. भिंत जवळ आली की टीं टीं. रुंद रस्त्यावर गेलं तर पांढरी पट्टी ओलांडली म्हणून स्टिअरिंग थरथरायचं आणि कुणी मनगट धरून ओढावं तसं आपोआप वळायचं. पहिल्यांदा ते वळताना पाहिलं तेव्हा मला शिसारी आली. मेलेल्या माणसानं हात हलवावा तसं वाटलं. समोरची शेजारीण एकदा ओट्यावरून म्हणाली, "वहिनी, तुमची गाडी रडते का हो सारखी?"

यांना मात्र गाडीचं कौतुक. आमचे हे कॉलेजात शिकवायचे, आता निवृत्त. आयुष्यभर गाडी चालवताना कुणी शेजारून "सांभाळून हं" म्हटलं तरी चिडणारा माणूस, पण गाडीचं सगळं निमूट ऐकून घेत होता. वर आल्यागेल्याला सांगायचं, "तिला आपल्याआधी समजतं. अपने को कुछ करनाही नहीं." माझ्याशी चार शब्द बोलायला कंटाळणारे हे त्या यंत्राला 'ती' म्हणत होते, तिची बाजू घेत होते. मला वीट आला होता.

"ते टीं टीं बंद करता येत नाही का हो?" मी विचारायचे.

"येतं. पण कशाला करायचं?"

हिवाळ्यात माझ्या भावाकडे तुकईथडला सत्यनारायण होता. जेवणं झाली, बोलत बसलो आणि निघायला संध्याकाळ झाली. ऊन गेलं होतं, पण अंधार पडला नव्हता. केळीच्या बागांवर निळसर धूर उतरला होता. मोठ्या रस्त्याला लागल्यावर यांनी एक बटण दाबलं. पुढच्या गाडीच्या मागे अंतर राखून आमची गाडी चालायला लागली. हे स्टिअरिंगला नुसते हात लावून बसले होते. मी सुपारी चघळत होते.

मध्येच नवं डांबर टाकलेला तुकडा आला. काळाभोर. त्यावर पांढरी पट्टी अजून मारलेली नव्हती. गाडीनं एकदा टीं केलं, पडद्यावरचं पट्ट्यांचं हिरवं चित्र विझलं, आणि गाडी हळूहळू डावीकडे सरकायला लागली. मला वाटलं, हे सावरतील. समोर डाव्या अंगाला केळ्यांनी भरलेली ट्रॉली उभी होती. तिचं चाक काढलेलं होतं आणि मागे एक बाई पदर डोक्यावर घेऊन बसली होती. मला ती स्पष्ट दिसत होती. यांचा पाय हलत नव्हता.

"अहो! अहो, बाई!"

यांनी स्टिअरिंग फिरवलं, पण उलटं, आणखी डावीकडे. गाडी रस्ता सोडून खाली उतरली आणि कापून टाकलेल्या केळीच्या खांबांच्या ढिगात रुतली. ट्रॉली आणि ती बाई उजव्या हाताला राहिली, दार उघडलं असतं तर लागलं असतं इतक्या जवळ.

मी खाली उतरले तशी चप्पल त्या कुजक्या चिखलात घोट्यापर्यंत गेली. गुळगुळीत, गरम, आंबूस वास. पायावरून काहीतरी वळवळत गेलं. मी तिथेच वाकून ओकले.

ट्रॉलीवाला जॅक टाकून धावत आला. "साब, दिखा नहीं क्या? औरत बैठी है!"

हे काचेतून म्हणाले, "गाडीने ब्रेक नहीं मारा."

केळीच्या त्या घाणीनं आली नव्हती एवढी किळस मला त्या वाक्यानं आली. बाई उठून उभी राहिली होती, पदर झटकत होती, आणि माझा नवरा तिच्याकडे न बघता गाडीची तक्रार करत होता.

लोकांनी ढकलून गाडी वर काढली. हे परत चालवायच्या जागेवर बसायला निघाले. मी दार धरलं.

"तुम्हाला ती बाई दिसली नाही?"

ते वाकून चाकाला लागलेला चिखल बघायला लागले.

"खरं सांगा."

"डाव्या डोळ्यानं नीट दिसत नाही," ते रस्त्याकडे बघत म्हणाले. "बरेच महिने झाले. म्हणून तर ही घेतली ना."

मी त्यांना पलीकडे बसवलं. त्या क्षणी दया यायला हवी होती, पण आली नाही. एवढे महिने हे नातीला पुढच्या सीटवर बसवून फिरवत होते, हेच डोक्यात घुमत होतं. ती गाडी मी कधी चालवली नव्हती. जुन्या गाडीच्या सवयीनं डावा पाय सारखा क्लच शोधत होता, दर वळणावर हिसके बसत होते.

डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, राहिलेली थेंबांनी टिकेल. "आधी का नाही आलात?" त्यांनी विचारलं. यांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता वाचायला लागले.

आता गाडी मीच चालवते. पाय अलगद कसा उचलायचा ते जमलंय, मळमळही थांबली, चालवणाऱ्याला ती होत नाही म्हणतात. ते स्टिअरिंग ओढणं मी दर वेळी निघताना बंद करते, कारण गाडी चालू केली की ते निर्लज्जासारखं पुन्हा चालू झालेलं असतं. आपोआप ब्रेक लावणारं तेवढं राहू दिलंय. आवडतं म्हणून नाही.

हे शेजारी बसतात. सकाळी मात्र बादली घेऊन गाडी धुतात, कुणाला हात लावू देत नाहीत. यांच्या डाव्या अंगाला पडलेली कबुतरांची घाण टपावर तशीच राहते, वाळून पांढरी पडते. ते आत गेले की मी नाक मुरडत फडकं घेते आणि तेवढी पुसून टाकते.