पटक्याशिवायचा फोटो

सासऱ्यांना न्यूमोनिया झाला आणि परभणीच्या एका खासगी दवाखान्यात ठेवावं लागलं. मी पहिल्याच दिवशी कामं वाटून टाकली. रात्री नवरा, दिवसा मी, डबा नणंदेकडून. भेटायला येणाऱ्यांनी दुपारनंतर यावं, एका वेळी दोघांनीच. मोबाईलचं काही ठरवलेलं नव्हतं.

ऑक्सिजनच्या मास्कची रबरी पट्टी डोक्यामागून जाते, त्यामुळे पटका काढावाच लागला. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी सासऱ्यांचं उघडं डोकं पाहिलं नव्हतं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मी औषधांची पिशवी आवरत बसले.

दुसऱ्या दिवशी त्यांचा पुतण्या आला. त्याचं पालमला खता-बियाण्यांचं दुकान आहे. माणूस धावून येणारा, चुलत्यावर जीव असलेला. सासऱ्यांचा डोळा लागला होता आणि मी खाली औषधं आणायला गेले होते. त्याने फोटो काढला आणि भावकीच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'तात्या लय सिरियस हायेत. समद्यांनी प्रार्थना करा.'

आम्हाला हे कळलं ते संध्याकाळी आलेल्या एका पाहुण्यांकडून. बसता बसता ते म्हणाले, "फोटोत लय खराब दिसायलेत तुमी. तसं तर काई न्हाई."

सासऱ्यांनी मास्क बाजूला केला. "कोणता फोटो?"

पाहुण्यांनी दाखवला. सासऱ्यांनी तो नीट पाहिला आणि मोबाईल परत दिला. पाहुणे गेल्यावर मला म्हणाले, "सूनबाई, हे काढायला सांग. मी गेलो तर लोकाच्या ध्यानात हेच डोकं राहील."

मी पुतण्याला फोन लावला.

"वैनी, लोकांनी इचारपूस करावी म्हणून टाकला. चांगल्यासाठीच टाकला की."

"चांगल्यासाठीच काढून टाका आता."

थोड्या वेळाने त्याचा फोन आला. "काढला. आता दिसत न्हाई."

"मला दिसतोय."

घाईत त्याने फक्त स्वतःपुरता काढला होता. फोटो आता सगळ्यांकडे होता, नव्हता तो त्याच्याकडेच. त्यामुळे सगळ्यांकडून काढणंही त्याच्या हातात उरलं नाही. ते फक्त ग्रुपच्या अ‍ॅडमिनला जमणार होतं, आणि अ‍ॅडमिन म्हणजे सासऱ्यांचे चुलतभाऊ. शेताच्या रस्त्यावरून दोघांचं बोलणं बंद होतं.

"तुमीच करा फोन, वैनी. मला झाडतील ते," पुतण्या म्हणाला.

मी केला. इकडचं तिकडचं न बोलता काम सांगितलं.

"रस्ता देत न्हाई, आन् फोटो काढ म्हनतो व्हय?"

"काका, डोक्याला पटका नाही त्यांच्या."

ते म्हणाले, "मी बिगर चष्म्याचा बघितला व्हता. ठेव फोन."

मी ग्रुप उघडून बसले. फोटो गेला. त्या जागी अ‍ॅडमिनने हटवल्याची ओळ आली आणि तिच्याखाली काकांनी लिहिलं, 'ज्यानं मोबाईलमधी ठेवलाय त्यानं काढा. आजारी माणसाचा फोटो इचारल्याबिगर टाकायचा न्हाई. पुन्हा दिसला तर ग्रुपमधून काढीन, मग तो कुनीबी असो.'

ग्रुपमधल्या दोघांनी तो स्टेटसला लावला होता. पुतण्याने त्यांना फोन करून काढायला लावला. आणखी कुणाकडे राहिला असेल, ते कळायचा मार्ग नाही. मी सासऱ्यांना तसंच सांगितलं. खोटा धीर देऊन उपयोग नव्हता. त्यांनी मान हलवली आणि ग्रुपवरून काढला कुणी ते विचारलं. मी काकांचं नाव सांगितलं.

पुढे मास्क निघाला. सुट्टी मिळाली त्या दिवशी त्यांनी सकाळीच पटका बांधून घेतला. पुतण्या गाडी घेऊन आला होता.

"तात्या, एक फोटो काढू का? लोक इचारायलेत."

"कुनाकुनाला जानार, ते आधी सांग."

"जिंतूरच्या आत्याला. माझ्या स्टेटसला. आन् ग्रुपवर."

"आत्याला धाड. स्टेटस न्हाई."

"आन् ग्रुप?"

सासरे गाडीत बसले, पाय आत घेतले. "ग्रुपवर त्यो हाय. त्याला फोटो कशाला? घराकडं जाताना त्याच्या दारात थांबव गाडी."