सात जण ऐसपैस

शोरूममध्ये त्याला नावानं कुणी हाक मारायचं नाही. सगळे ‘ऐसपैस’ म्हणायचे, कारण तो शब्द त्याच्या जिभेवर कायमचा मुक्कामाला होता. सात सीटांची एक आटोपशीर गाडी विकणं हा त्याचा हातखंडा. गिऱ्हाईक दारातून आत यायचा अवकाश, याची टकळी सुरू. पुढे दोन, मध्ये तीन, मागे दोन, सात जण ऐसपैस. लांबीला म्हणाल तर साध्या गाडीएवढीच, अरुंद गल्लीत वळते, दोन खांबांच्या मध्ये लागते. एवढं बोलून तो मधली सीट पुढे ढकलायचा, स्वतः मागच्या रांगेत शिरायचा आणि तिथून हसत बघायचा. त्याची उंची बेताची, त्यामुळे गुडघे कुठे टेकायचे नाहीत. शोरूममधले उंच विक्रेते मागे शिरले की त्यांना बाहेर काढायला गिऱ्हाइकालाच हात द्यावा लागायचा.

माणूस वाईट नव्हता हो. पोटासाठी बोलणारा प्राणी, थोडं तिखटमीठ लावणारच. पण एक लोणकढी थाप त्याची फार लाडकी होती. घरात म्हातारं माणूस असलेलं गिऱ्हाईक आलं, की हा आवाज जरा खाली आणून म्हणायचा, “माझी आई मागेच बसते. कितीही लांब जा, तक्रारीचा शब्द नाही.” झालं. ज्यांचं घोडं ‘आईला कुठे बसवायचं’ इथे अडलेलं असायचं, ते तिथेच विरघळायचे. आता खरी गोष्ट ऐका. त्याची आई त्या गाडीत कधी बसलीच नव्हती. मागे नाही, मध्ये नाही, कुठेच नाही.

संधी आली नव्हती असंही नाही. एकदा सुट्टीला डेमोची गाडी घरी न्यायची परवानगी मिळाली होती. तळ्याकाठी जाऊन दिवसभर राहायचं ठरलं. हा, बायको, मुलगी आणि सासू-सासरे. आईही नवी साडी नेसून तयार होती. सासऱ्यांनी मात्र येताना घडीच्या खुर्च्या आणल्या, भलीमोठी छत्री आणली, पाण्याचं पिंप आणलं. आता या गाडीची गंमत अशी, की सातही सीटा उभ्या असल्या तर डिकीत एखादी पिशवी जेमतेम मावते. माणसं घ्या नाहीतर सामान घ्या. हे तो गिऱ्हाइकाला कधी आपणहून सांगत नसे. त्यानं मागची रांग आडवी पाडली आणि खुर्च्या रचल्या. आई दारात उभी राहून बघत होती. मग ती म्हणाली, तुम्ही जा, मला मेली गाडी लागते. हा ‘बरं’ म्हणाला आणि निघाला. जिनं उभा जन्म बसनं नोकरीला जाऊन काढला, तिला गाडी लागत नाही हे त्याला ठाऊक होतं. आणि मागची सीट अर्धीही पाडता येते, एका बाजूला सामान आणि एका बाजूला माणूस बसतं, हे तर तो रोज येणाऱ्या-जाणाऱ्याला करून दाखवायचा. पण सासऱ्यांना ‘दोन खुर्च्या कमी न्या’ म्हणायची त्याची छाती झाली नाही.

तर ही थाप पचत होती, पचत होती, आणि एक दिवस एक आजी आल्या.

मुलगा, सून, दोन नातवंडं आणि या आजी, हातात काठी. मुलगा गाडीवर लट्टू झालेला, नातवंडं आत-बाहेर उड्या मारतायत. आजी कोपऱ्यातल्या सोफ्यावर बसून होत्या. मुलगा म्हणाला, आई, एकदा मागे बसून बघ. त्या म्हणाल्या, घरी नेल्यावर बसायचंच आहे, आता कशाला चढउतार. ऐसपैसनं लगेच ठेवणीतलं वाक्य काढलं, “आजी, माझी आई मागेच बसते.”

आजींनी त्याच्याकडे नीट बघितलं. “लावा मग तिला फोन,” त्या म्हणाल्या. “बसणारीलाच विचारते.”

आई या वेळी झोपलेली असते, असं तो पुटपुटला. सून म्हणाली, लावून तर बघा. पलीकडच्या टेबलावरून साहेब बघत होते. पळायला वाटच नव्हती. त्यानं फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा केला आणि घाईघाईनं म्हणाला, “आई, आपल्या गाडीत तू मागे बसतेस ना, त्याबद्दल या आजींना विचारायचंय.”

पलीकडे भांडं खाली ठेवल्याचं ऐकू आलं. तेवढ्यात याचा अर्धा जीव गेला.

“हो, बसते की,” आईचा आवाज आला. मग ती सावकाश सांगत गेली. मुलगा आधी मधली सीट पुढे सरकवून ठेवतो. हाताला धरून आत बसवतो, खिडकीपाशी. पाठीला उशी देतो. वाटेत आठवणीनं थांबतो, म्हणतो आई उतर, पाय मोकळे कर. नात पुढून मागे वळून गप्पा मारत असते. बाहेर बघता बघता डोळा कधी लागतो तेही कळत नाही.

सगळ्यांचे चेहरे फुलले. सून नवऱ्याला म्हणाली, बघा, शिका जरा. ऐसपैस फरशीकडे बघत होता. त्याला एवढंच कळत होतं, की इतकं बारीकसारीक कुणी ऐन वेळी रचत नाही. हे तिनं घरी एकटीनं बसून कधीतरी, कितीतरी वेळा मनात आणलेलं असणार. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं. गाडी तिथल्या तिथे ठरली. साहेबांनी पाठीवर थाप मारली, तीही त्याला चपराकीसारखी लागली.

संध्याकाळी तो घरी आला तो चोरासारखा. आई स्वयंपाकघरात शेंगा सोलत बसली होती. ती चार शब्द सुनावेल, निदान तोंड फिरवेल, म्हणून तो तयारीनं उभा राहिला. तिनं विचारलं, घेतली का त्यांनी? तो म्हणाला, घेतली.

“त्या बाईंचे गुडघे कसे आहेत रे?”

त्यानं काठीचं सांगितलं. आईचे हात थांबले.

“मग त्यांना फोन लाव. खरं सांग.”

तो गयावया करायला लागला. ठरलेला सौदा मोडेल, साहेब फाडून खातील. आईनं सगळं ऐकून घेतलं.

“तू धंद्यात काय बोलायचं ते बोल,” ती म्हणाली. “पण त्या बाई माझ्या शब्दावर त्या सीटवर चढणार आहेत. ते मला झोपू देणार नाही.”

त्यानं आजींच्या मुलाला फोन लावला, आईलाही ऐकू जाईल असा केला आणि आजींशी बोलायचंय म्हणाला. आजी आल्यावर त्यानं सांगून टाकलं, की माझी आई त्या गाडीत कधी बसलेली नाही, मागे चढणं तुम्हाला जड जाईल, तुम्ही मध्येच बसा, नाहीतर गाडी घेऊ नका. बोलताना जीभ अडखळत होती.

“मला तेव्हाच कळलं होतं,” आजी म्हणाल्या. “मागे बसलेली म्हातारी कुरकुरल्याशिवाय राहते होय? तुमच्या आईनं एक म्हणून तक्रार केली नाही.”

मग तुम्ही घरच्यांना थांबवलं का नाही, असं त्यानं विचारलं. त्या म्हणाल्या, सगळे किती खूश होते, मी कशाला मोडता घालू. आणि मग, “द्या तुमच्या आईला.”

त्यानं फोन आईच्या हातात दिला. फोन तसाच मोठ्यानं ऐकू येत होता, आणि आवाज कमी कसा करायचा हे आईला माहीत नव्हतं. ह्यालाही पुढे होऊन तो कमी करायचा धीर झाला नाही. दोघी बोलत राहिल्या, गुडघ्यांवर, झोपेवर, सुनांवर. मध्येच आजींनी विचारलं, मग तुम्हाला नेत का नाही हो?

आईनं एकदा मुलाकडे बघितलं आणि खाली शेंगांकडे बघत म्हणाली, “सामान फार होतं हो त्या दिवशी. त्याचा तरी काय दोष. सासरची माणसं सोबत, तो कुणाकुणाला बोलणार? मीच म्हटलं मला गाडी लागते.”

तिनं शिव्या घातल्या असत्या तर त्यानं त्या आनंदानं खाल्ल्या असत्या. हे मात्र त्याच्या घशाखाली उतरेना. तो मान खाली घालून तिथेच दाराला टेकून राहिला.

“मुलगा चांगला आहे माझा,” आई म्हणाली.

“माझाही चांगलाच आहे हो,” पलीकडून आजी म्हणाल्या.