स्लॅब थांबवणाऱ्या झोनबाई

झोनबाई कुणाच्याही घरी गेल्या की आधी माणसांकडे नव्हे, वर बघायच्या. बीम कुठून कुठे गेलाय, कॉलम कुठे उतरलाय, हे बघून झालं की मग खुर्चीवर टेकायच्या आणि म्हणायच्या, "हं, आता बोला." पुतण्यासाठी मुलगी बघायला गेल्या तेव्हाही हेच. चहा-पोहे झाले, मुलगी सगळ्यांना आवडली. बाहेर पडल्यावर बाईंनी निकाल दिला, "पोरगी लाखात एक हाये. पण तिच्या घराखाली नुसते खांब, भिंत एक नाही. गाड्या ठेवाले जागा पाह्यजे म्हणून सारं घर काठ्यांवर उभं केलं. लग्न लावा, पण सुनेले माहेरी लय दिवस राहू देऊ नका." लग्न थाटात झालं आणि सून त्यांची लाडकी झाली.

आम्ही दोघं बुलढाण्याच्या एका तंत्रनिकेतनात शिकवायचो. मी सर्वेक्षण, त्या इमारतींची रचना. भूकंपाच्या झोनांचा रंगीत नकाशा टांगूनच त्यांचा तास सुरू व्हायचा, म्हणून पोरांनी झोनबाई हे नाव पाडलं. आपला जिल्हा नकाशात कमी धोक्याचा. पोरं खूश व्हायची, की बाई दम भरायच्या, "हा रंग म्हणजे कुणाची हमी नाही. जमिनीबद्दल आजवर जेवढं कळलं, तेवढाच हा नकाशा. उद्या जास्त कळलं की रंग बदलेल. तुमचं घर मात्र तेच राहील." विद्यार्थिदशेत त्या मदतपथकाबरोबर किल्लारीला जाऊन आल्या होत्या. तेव्हाच्या नकाशात तो भाग सगळ्यात निर्धास्त मानलेला. तिथे काय पाहिलं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि माझ्यासारख्या बडबड्यालाही विचारायचं धाडस झालं नाही.

त्यांचा सगळा जीव रिंगांत. कॉलमच्या उभ्या सळयांना आवळून धरतात त्या रिंगा. बीम आणि कॉलम जिथे मिळतात तिथे सळयांची इतकी दाटी होते, की आपल्याकडचे मिस्त्री तेवढ्या रिंगा खुशाल गाळतात. का, तर हात जात नाही. "जमीन हलली की घर आधी तिथंच फुटते," हे बाई इतक्यांदा म्हणायच्या, की मी ते झोपेतही म्हणून दाखवलं असतं.

मोताळ्याच्या पुढे त्यांचं गाव. थोरल्या भावानं, दादानं, तिथे घर बांधायला काढलं. स्लॅब पडायचा तो दिवस म्हणजे आमच्याकडे अर्धं लग्नच. नांदुऱ्याहून मिक्सर आलेला, वंदना म्हणून झालेली, अंगणात वांग्याची भाजी रटरटत होती, पंगतीला गाव येऊन बसलं होतं. मीही जेवणाच्या आशेनं गेलो होतो. बाई शिडीवरून वर चढल्या, सळयांत वाकून बघितलं आणि ओरडल्या, "मशीन बंद करा!" एकाही जोडावर रिंग नव्हती.

दादा खालून म्हणाला, "काऊन वं? आपल्याकडं कधी भूकंप झाला?"

"नाही झाला. किल्लारीचे लोकबी असंच म्हणत होते."

"सारं गाव पाहून राह्यलं. आज काम थांबलं तं माही इज्जत जाईन."

"जाऊ दे. तू राह्यशीन ना!"

दादानं रागानं मिक्सरवाल्याला खूण केली. तशा बाई इस्त्रीच्या साडीनिशी त्या सळयांवर मांडी घालून बसल्या. "टाका मंग. माह्यावरूनच टाका." मिक्सर नुसताच घरघरत राहिला. मग तोही बंद झाला. लोक जेवून उठले. पुढे बीमच्या सळया मोकळ्या करून जोडांत रिंगा बांधल्या, आणि मगच स्लॅब पडला. पण दादानं बहिणीशी बोलणं टाकलं ते टाकलंच.

बाई सुटीत जात राहिल्या. त्या आल्या की दादा शेतात निघून जायचा. वहिनीच्या हातचा चहा घेत त्या वर बघत बसायच्या. एकदा मी चिडून म्हटलं, "बाई, एखादा धक्का बसला ना, की दादा पाय धरतील तुमचे." त्या माझ्यावर कडाडल्या, "असं तोंडातून काढू नका! मी खोटीच पडली पाह्यजे." आपण खरे ठरू नये म्हणून झटणारं माणूस मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. त्या क्षणी मला त्यांच्यापुढे फार लहान वाटलं, आणि त्यात कमीपणा मुळीच नव्हता.

बाई दुखण्यानं गेल्या. जमीन हललीच नव्हती. दादा मातीला आला आणि तिथून थेट शेतात गेला.

गेल्या उन्हाळ्यात त्यानं वरचा मजला काढला आणि मला निरोप धाडला. गेलो तर मिक्सर थांबलेला, माणसं घमेली घेऊन खोळंबलेली, आणि म्हातारा एकेका जोडात हात घालून रिंगा चाचपत होता. मनगटं सोलून निघाली होती. मी म्हटलं, "दादा, झालं की आता. किती बघाल?"

त्यानं हात बाहेर काढला. "मास्तर, भूकंप येईन का नाही, मले नाही माहीत. पण ती आता काम थांबवाले येणार नाही, हे माहीत हाये."