काढून ठेवलेली तर्री

आमच्या घरात जपायचं होतं ते अप्पांचं हृदय. ते काम मी इतकं चोख केलं की त्या चोखपणाची मला आजही चीड येते.

लातूर जिल्हा झाला त्या सुमारास अप्पांचं कापडाचं दुकान जोरात चालायला लागलं. नवी कचेरी आली, बदलून आलेले साहेब आले, पडद्यांची कापडं ठाणंच्या ठाणं खपू लागली. दुकानात दिवसभर चहा-भजी आणि घरी वनस्पती तुपाचा डबा. अप्पांचं पोट सुटलं, तर आम्हाला ती बरकत वाटली. मग एके सकाळी शटर उचलताना ते छातीला हात लावून पायरीवरच बसले. त्या खेपेला वाचले. नांदेडच्या डॉक्टरांनी तेल, तूप, मीठ, तळण सगळं कमी करायला सांगितलं. पुन्हा झालं तर सांगता येणार नाही, असंही म्हणाले.

मी तेव्हा शाळेत शिकवत होते, लग्न व्हायचं होतं. घरात शिकलेली म्हणून पथ्य माझ्याकडं आलं. मास्तरीणच मी, अप्पांचं ताट वहीसारखं तपासायचे. भावांना मात्र झणझणीत आमटीशिवाय घास उतरत नसे, त्यामुळं आमटी एकच व्हायची. तिच्यावरची लाल तर्री मी पळीनं काढून वाटीत घ्यायचे आणि खालचं पाणचट अप्पांना वाढायचे. दुधावरची सायही काढायचे. ती वाटी चुलीजवळ ठेवून द्यायचे. पुढं तिचं काय होतं ते मला ठाऊक होतं.

माय सगळ्यांच्या मागून जेवायची. बहात्तरच्या दुष्काळातही मागूनच जेवायची. तेव्हा रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीचा तुकडा उरला तर तिला, नाहीतर पाणी. आता उरायचं ते सगळं तिच्या वाट्याला येऊ लागलं. आमच्या लिंगायत घरांत जेवल्यावर ताटात पाणी घालून तेही पितात, कारण अन्न म्हणजे प्रसाद. त्यात तिनं दुष्काळ काढलेला. ती तर्रीत शिळी भाकरी कुस्करायची, भावांनी सोडलेली भजी खायची, अप्पांना बंद केलेलं लोणचं, साय, सगळं संपवायची. एकदा मी म्हणाले, ओतून दे की. ती माझ्याकडं बघतच राहिली.

"एवढं तेल मोरीत ओतू व्हय? खाते की म्या. मला काय झालंय?"

खरं सांगायचं तर मला हायसं वाटलं. पथ्यही सांभाळलं जात होतं आणि वायाही काही जात नव्हतं.

अप्पांचं वजन उतरत गेलं, नांदेडचे डॉक्टर खूश. माय दर खेपेला सोबत यायची, कागदांची पिशवी मांडीवर घेऊन बाकावर बसायची. रक्तदाबाचा पट्टा एकदा तिच्या दंडालाही बांधावा, असं कुणाला सुचलं नाही. दवाखान्याच्या जिन्यात ती मध्येच थांबायची. वेळ अमावस्येच्या सणाला शेतात जेवायला जाताना आंबिलीचं मडकं डोक्यावरून उतरवून तीनदा बांधावर टेकली. जबडा दुखतो म्हणाली, आम्ही दाढ समजून लवंग दिली. पाठीत भरून येतं म्हणाली, आम्ही गॅस समजून ओवा दिला. आता ते दिवस आठवले की घाबरायला होतं. तेव्हा मी एवढीशीही घाबरले नव्हते.

त्या अमावस्येनंतर पंधरा दिवसांनी भांडी घासता घासता ती कलंडली. रिक्षात घालून लातूरच्याच एका दवाखान्यात नेलं. तिथले तरुण डॉक्टर हृदयाचंच आहे म्हणाले, आणि लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, यांचं रोजचं खाणं काय असतं?

सगळे माझ्याकडं बघायला लागले. अप्पांच्या चमचाचमचाचा हिशेब मला तोंडपाठ होता. मायच्या पोटात काय जात होतं तेही मला ठाऊक होतं, कारण ते मीच काढून ठेवत होते. मी म्हणाले, आमच्याकडं सगळं पथ्याचंच असतं.

अप्पांनी मान डोलावली. माय शुद्धीवर होती. तिनं डोळे उघडून माझ्याकडं पाहिलं.

"व्हय साहेब," ती म्हणाली, "लेक लई जपती आमची."

दिवस मावळायच्या आत ती गेली. अप्पा त्यानंतर पुष्कळ वर्षं जगले.