वडिलांपासूनचं तेल

कढईच्या बुडाशी चुरा साचते तसे आमच्या लाइनीत किस्से साचतात. रोज थोडे थोडे. झाऱ्यानं वेळेवर काढले नाहीत तर करपतात, अन् मग पुढच्या घाण्याले त्यांचाच वास येते. म्हणून म्हणलं, आता काढूनच टाकू.

मी बोरी अरबले बाजाराच्या रस्त्यावर आलुबोंडे तळतो. दुकान म्हणजे चार बल्ल्या, वर टिन, खाली कढई. माह्या वडिलांनी मांडलं, त्याईच्या मागं मी बसलो, अन् बसल्या बसल्या म्हातारा झालो. बाजूले राठोडबापूची जिलबी. बापू तांड्यावरून येतात, मिशी अशी की दोन्ही टोकांवर एकेक लिंबू राहीन. समोरच्या बाकावर आमचे गुरुजी. ते शाळेतून रिटायर झाले, बाकावरून अजून नाही झाले. अन् घरून बेसन कालवून आणणारी माही बायको, कमळाबाई. मले लिहिता येत नाही. मी सांगतो, गुरुजी लिहून घेतात. ते भाषा सुधारतात, मी परत बिघडवतो.

एका बाजाराच्या दिवशी यवतमाळहून जीप आली अन् त्यातून मॅडम उतरल्या. दुकानातलं खाणं तपासणाऱ्या सरकारी मॅडम. वयानं माह्या लेकीएवढ्या. खांद्याले स्वतःची पाण्याची बाटली, पिशवीत स्वतःचा डबा. कोणाच्या इथं चहा नाही, पाणी नाही, सुपारीचं खांड नाही. आमच्याकडे पाहुणा चहा न घेता गेला तर दिवसभर चुकचुकल्यासारखं वाटते. मॅडम तर सगळ्या लाइनीतून कोरड्या गेल्या.

*

पहिल्याच दिवशी त्याईनं माह्या कढईत एक यंत्र बुडवलं. थर्मामीटरसारखं होतं. त्याच्यावर लाल दिवा लागला.

मी विचारलं, "तेलाले ताप आहे काय, मॅडम?"

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "दादाजी, हे तेल कधीचं आहे?"

आता आमची रीत अशी. संध्याकाळी जे तेल उरते ते गाळून ठेवायचं, सकाळी त्यातच नवीन टाकायचं. कढई पुरी रिकामी करायची नाही. दुधाले जसं विरजण लागते तसं नव्या तेलाले जुनं तेल लागते, तेव्हा बोंड्याले चव येते, असं वडील सांगत. ते गेले त्या दिवशीही कढईत तेल होतं. मी त्यातच भर टाकत आलो. एवढ्या वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. आज सरकारनं विचारलं. माही छाती फुगली.

म्हणलं, "वडिलांपासूनचं आहे, मॅडम."

मॅडमचा पेन कागदावर होता तिथंच थांबला.

*

त्याईनं नोटीस दिली. गुरुजींनी वाचून दाखवली. तेल टाकून द्या, डोक्याले टोपी घाला, पेपरात खायले देऊ नका, पाण्यावर झाकण ठेवा. नाही सुधरलं तर नोंदणी जाईन. नोंदणी म्हणजे तो काचेतला कागद, जो माह्या वडिलांच्या फोटोच्या शेजारी टांगला आहे. तो उतरला म्हणजे दुकान उतरलं.

मॅडम रागावून नव्हत्या बोलल्या, हे सांगितलं पाहिजे. जाताना कढईजवळ उभ्या राहून म्हणाल्या, "दादाजी, लोक तुमच्या विश्वासावर खातात. तेच तेल पुन्हा पुन्हा तापलं की पोटात जाऊन दुखणं लावतं. तुम्हाला माहीत नव्हतं. आता माहीत झालं."

ते मले रात्रभर पुरलं. माहीत झालं म्हणल्यावर माणूस सुटत नाही.

लोहाऱ्याच्या एमआयडीसीकडून एक गाडी येते, वापरलेलं तेल घेऊन जाते. त्याचं पुढं कुठंतरी डिझेल करतात म्हणे. त्या गाडीच्या डब्यात मी कढई पालथी केली. शेवटचा थेंब पडला तेव्हा माह्या डोळ्यात पाणी आलं, खोटं कायले बोलू.

राठोडबापू जवळ आले, खांद्यावर हात ठेवला अन् म्हणाले, "भाऊ, तुमचे वडील जन्मात गाडीत बसले नव्हते. आता गाड्या चालवतीन."

*

पेपर बंद झाला त्याचा धक्का मले नाही, गुरुजींले बसला.

गुरुजी बोंडा पेपरावर घेत अन् खाता खाता तोच तुकडा मोठ्यानं वाचत. सगळ्या बाकाले बातम्या कळत. फक्त बातमी कधी पुरी होत नसे. खून कुठं झाला ते गुरुजींच्या बोंड्याखाली, अन् खुनी सापडला का नाही ते दुसऱ्या कोणाच्या. मग गुरुजी उठून बाकावरच्या एकेकाचा बोंडा उचलून पाहत.

मी पळसाच्या पानाचे द्रोण आणले. स्वच्छ, हिरवेगार. गुरुजींनी द्रोण उलटा केला, सुलटा केला.

"शामराव," म्हणाले, "चव तीच आहे, पण यात मजकूर नाही."

*

मग टोप्या. ग्रामपंचायतीच्या हॉलात मॅडमनं सगळ्या दुकानदारांले बोलावून समजावून सांगितलं. नखं कापा, हात धुवा, डोकं झाका. जाळीच्या टोप्या वाटल्या.

राठोडबापूच्या डोक्यावर औषधाले केस नाही. ते उभे राहिले, हात जोडले. "मॅडम, मायाजवळ पडण्यासारखं काही नाही. टोपी कायले?"

मॅडमनं एकवार वर पाहिलं. मग थोडं खाली पाहिलं.

"बापू, मिशी आहे ना."

पुढच्या बाजाराले बापू तोंडावर फडकं बांधून जिलबी पाडत होते. गिऱ्हाईकाले वाटलं, बापूचे दात काढले. दोघं-तिघं जण तब्येत विचारून गेले.

*

बापूच्या जिलबीचा रंग आधी असा होता की खाणाऱ्याचं तोंड घरी जाईपर्यंत साक्ष देत असे. मॅडम म्हणाल्या, रंग वाटेल तेवढा टाकता येत नाही. बापूंचा स्वभाव टोकाचा. त्याईनं तो पुराच बंद केला.

आता परातीत पांढरट, फिकट जिलबी. दारव्ह्याकडचा एक माणूस आला, बराच वेळ पाहत राहिला. म्हणाला, "बापू, जिलबी आजारी आहे काय?"

बापू पाकातून हात न काढता म्हणाले, "इतके दिवस तिले कावीळ होती. आता बरी झाली."

त्या माणसानं घेतली. खाल्ली. मग घरी न्यायले पण बांधून घेतली.

*

माहं तसं नाही झालं. नव्या तेलात बोंडा निघाला सोनेरी, हलका, पण नेहमीची माणसं चावून गप्प बसत. एकानं तर स्पष्टच सांगितलं. "दादाजी, बोंडा चांगला आहे. पण यात तुमचे वडील नाहीत."

हे ऐकून मी कमळाबाईकडं पाहिलं. मनात आलं होतं, एखादी वाटी जुनं तेल ठेवलं असतं तर. तिनं ते ओळखलं.

म्हणाली, "तुमचे वडील फोटोत आहेत. तिथंच राहू द्या."

मग तिनं आल्याचं माप वाढवलं, थोडा ओवा टाकला, अन् चण्याची दाळ स्वतः निवडून चक्कीवर समोर बसून दळून आणायले लागली. चक्कीवाला म्हणे, बाई, विश्वास नाही काय? ही म्हणे, आहे ना, म्हणून तर बसली.

*

महिन्यानं मॅडम परत आल्या. यंत्र बुडवलं, यावेळी हिरवा दिवा लागला. मले वाटलं, सुटलो. पण त्याईनं बाटल्या काढल्या. म्हणाल्या, "तेल आणि बेसन दोन्हीचा नमुना घेते. यंत्र वरवरचं सांगतं, खरं लॅबमध्ये कळतं."

एकेका नमुन्याचे चार भाग करतात. चार चार बाटल्या, प्रत्येकीले कागद, दोरा, अन् वरून लाखेचं सील. त्या कागदावर दुकानदाराची सही. माहा अंगठा.

पहिला अंगठा लावला तर कागदावरून घसरला. तेलाचा हात, त्याच्यावर शाई थांबेच ना. मॅडमनं साबण दिला. धुतला. परत घसरला. परत धुतला. चाळीस वर्षांचं तेल कातडीत मुरलेलं, ते काही बाटलीभर पाण्यानं निघते काय? चौथ्यांदा कुठं रेषा उमटल्या.

मॅडम जवळून पाहत होत्या. म्हणाल्या, "दादाजी, वडिलांचं तेल आत्ता संपलं."

एवढ्या दिवसांत त्या पहिल्यांदा हसल्या.

त्या हसल्या म्हणून कमळाबाईले हिंमत आली. तिनं द्रोणात एक बोंडा ठेवून पुढं केला. मॅडमनं हात जोडले, नको म्हणाल्या. कामावर असताना खात नाही.

"बरं, तुम्ही नका खाऊ," कमळाबाई म्हणाली. "लेकरं असतीन घरी. त्याईच्यासाठी न्या."

मॅडम लाख तापवता तापवता थांबल्या. "एक मुलगी आहे. तिला मी बाहेरचं काहीच देत नाही, आजी. रोज जे पाहते ना, ते पाहून हिंमत होत नाही."

त्याईच्या मनात वाईट काही नव्हतं. बाई खरं बोलल्या. पण नोटीस लागली नव्हती तेवढं ते मले लागलं. नोटीस दुकानाले होती. हे माह्या हाताले होतं.

*

रिपोर्टाले चौदा दिवस लागतात. बाटल्या जीपमध्ये जाताना सगळ्या बाजारानं पाहिल्या होत्या. झालं. कोणी म्हणे तेलात काही सापडलं, कोणी म्हणे बेसनात लाखोळीच्या स्वस्त दाळीची भेसळ सापडली. सापडलं काहीच नव्हतं, बाटल्या अजून उघडल्याही नव्हत्या. पण बाक रिकामा झाला. मी एक घाणा तळायचो अन् त्याच्याकडं पाहत बसायचो. गुरुजी एकटे यायचे अन् दोन खायचे, एक स्वतःच्या भुकेचा, एक माह्यासाठी.

मी कमळाबाईले म्हणलं, "चौदा दिवस कसे काढायचे?"

ती म्हणाली, "चौदा कायले? त्या दिवशी मॅडम बापूकडं गेल्या तेव्हा जीपवाल्या डायवरनं मागून येऊन तीन प्लेट खाल्ल्या. आज चौथा दिवस आहे. यवतमाळले फोन लावा अन् विचारा, जिवंत आहे का."

गुरुजींनी खरंच कुठून तरी नंबर काढून लावला. डायवर जिवंत होता. बोंड्यावरचा रस्सा थोडा अजून तिखट करा म्हणाला.

*

रिपोर्ट आला. दोन्ही नमुने चांगले. गुरुजींनी बाकावर उभं राहून, वर्गात वाचतात तसा, पहिल्या ओळीपासून शेवटच्या शिक्क्यापर्यंत वाचला. लोकांनी ऐकला. माना हलवल्या. राठोडबापूंनी सगळ्यांले एकेक जिलबी वाटली. अन् लोक आपापल्या वाटेनं गेले.

मले समजेना. म्हणलं, "आता तर कागद आला."

कमळाबाई द्रोण पुसत होती. "कागद कोणी खात नाही," ती म्हणाली.

हळूहळू अर्धा बाक भरला. अर्धा रिकामाच. विश्वास म्हणजे उकडलेला आलू थोडाच आहे, की दाबला अन् गोल झाला. मी रोज तेल बदलायचो, रोज हात धुवायचो, अन् वाट पाहायचो. मले घाई नाही, कधी नव्हती.

*

अन् हा किस्सा मागच्या महिन्यातला. बाजाराचा दिवस, चार वाजले असतीन. यवतमाळहून एस्टी आली, थांबली, अन् त्यातून मॅडम उतरल्या. जीप नाही, बाटल्यांची पेटी नाही, हातात कागद नाही. साध्या पंजाबी ड्रेसमध्ये. बरोबर सात-आठ वर्षांची एक पोरगी, नाक थेट मॅडमचं.

सगळी लाइन सावध झाली. राठोडबापूंनी फडकं मिशीवर ओढलं. जे दोन-चार जण बाकावर खात होते त्याईचे हात हवेत थांबले. जे रस्त्यावरून जात होते ते पण थांबले.

मॅडम सरळ माह्या कढईपुढं आल्या. पाण्यावरचं झाकण पाहिलं. तेलाकडं पाहिलं. सवय कुठं जाते? मग म्हणाल्या, बदली झाली, उद्या यवतमाळ सोडते.

मी म्हणलं, चांगलं झालं का वाईट, काय म्हणू, मॅडम?

त्या म्हणाल्या, "चार बोंडे द्या, दादाजी."

चार म्हणल्याबरोबर मले नमुन्याचा दिवस आठवला. चार भाग, चार बाटल्या, चार अंगठे. मी झारा तसाच धरून विचारलं, "मॅडम, नमुन्याले का खायले?"

कढईतल्या तेलाचा तेवढा आवाज.

मॅडमनं पोरीच्या पाठीवर हात ठेवला अन् तिले पुढं केलं.

"आधी हिला द्या," म्हणाल्या.