नारळाचं पाणी आणि सदारामभाऊंचा घिस्सा

राइस मिलमधून तांदूळ पोत्यात भरून निघून जातो, कोंडा मात्र मागे ढीग करून राहतो. आमच्या गोंदियातल्या स्टुडिओचंही तसंच झालं. गाणी सीडीत भरून लग्नांना आणि दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रांना निघून गेली, मागे राहिले ते किस्से. आता चहाला बसलो की त्यातला एखादा निघतोच.

स्टुडिओ म्हणजे हिरालालभाऊंच्या घराची मागची खोली. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या आणि खिडकीला घोंगडी. हिरालालभाऊ रेकॉर्डिंग करायचे, मी शाळा सुटल्यावर जाऊन कीबोर्ड वाजवायचो. शाळेत मास्तर, म्हणून तिथेही मास्तरच. ढोलकीवर जवळच्या कामठा गावचे सदारामभाऊ. एवढीच आमची कंपनी!

*

दोन हजार पाच-सहाच्या सुमारास हिरालालभाऊ नागपूरहून एक आयडिया घेऊन आले. ढोलकीची एकेक थाप वेगवेगळी रेकॉर्ड करायची. हळू, मध्यम, जोरात. मग ती कॉम्प्युटरमध्ये घातली की कीबोर्डची बटणं दाबून कुठलाही ठेका वाजवता येतो. थापांची लायब्ररीच म्हणा ना.

सदारामभाऊंना सांगितलं, एक 'धा' मारा आणि थांबा. त्यांनी 'धा' मारला आणि पुढचा अख्खा ठेका वाजवून टाकला. पुन्हा समजावलं, पुन्हा ठेका. दहाव्यांदा हिरालालभाऊंनी कपाळाला हात लावला, तेव्हा सदारामभाऊ शांतपणे म्हणाले, "एक पाय टाकून कोनी थांबते का भाऊ? दुसरा आपोआप पडते."

शेवटी उपाय निघाला. सदारामभाऊंनी थाप मारायची आणि ती मारली रे मारली की हिरालालभाऊंनी त्यांची मनगटं धरायची. तीन दिवस आमचा रेकॉर्डिस्ट वादकाचे हात धरून बसला होता.

*

त्यातला सगळ्यात झकास 'धा' बसला नेमका मालगाडीच्या भोंग्यावर. जंक्शनचं गाव, गाडी काय आमची परवानगी घेऊन जाते? तसा 'धा' पुन्हा काही जमेना. मग भोंग्यासकट तोच ठेवला. त्यानंतर आमच्या प्रत्येक गाण्यात, कान देऊन ऐकलं, तर लांबून एक गाडी जाते.

एका नवरदेवाच्या बापानं ती पकडलीच. लगनाच्या गाण्यात गाडी कायले सुटून राह्यली, असं त्यानं विचारलं. हिरालालभाऊंनी पापणीसुद्धा हलवली नाही. "वरात बालाघाटले जाऊन राह्यली ना, म्हणून."

*

लायब्ररी तयार झाली आणि सदारामभाऊंना बोलावणं बंद झालं. कोणी मुद्दाम ठरवलं नव्हतं. बटण दाबलं की ढोलकी वाजत होती, मग कामठ्याला निरोप धाडायचा कशाला? एक महिना गेला, मग एक वर्ष, बघता बघता चार वर्षं गेली.

एका लग्नाच्या पंगतीत आम्ही शेजारी शेजारी बसलो होतो. स्पीकरवर आमचंच गाणं सुरू होतं. सदारामभाऊंनी घास हातातच धरून थोडा वेळ ऐकलं आणि मला म्हणाले, "मास्तर, मायाच हात वाजून राह्यला न मी भात खाऊन राह्यलो."

मी हसलो. मग त्यांच्याकडे पाहिलं आणि मला माझीच लाज वाटली. त्यांच्या ढोलकीची पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, फाटली होती, आणि काम नाही म्हणून त्यांनी ती पुन्हा बसवली नव्हती. हे मला त्याच पंगतीत कळलं.

*

आता त्याच वर्षीच्या दसऱ्याची गोष्ट. दसऱ्याला प्रत्येक जण आपापल्या हत्यारांची पूजा करतो, तशी आम्ही आमच्या यंत्रांची करायचो. पाटावर माइक, कीबोर्ड आणि मधोमध मानाच्या जागी हार्ड डिस्क. कारण सगळी विद्या तिच्यातच! तिला हळदकुंकू, झेंडूचं फूल, आपट्याचं पान. हिरालालभाऊंनी भक्तिभावानं नारळ फोडला, आणि त्याचं पाणी एक थेंब इकडे-तिकडे न जाता थेट हार्ड डिस्कवर गेलं.

पुसून कॉम्प्युटरला जोडली, तर ती थोडा वेळ टक-टक करत राहिली आणि मग गप्प झाली. बाकीच्या वाद्यांचे आवाज विकतच्या डीव्हीडींवर होते, ते पुन्हा टाकता आले असते. ढोलकीची दुसरी कॉपी मात्र कुठेच नव्हती. आणि केशोरी गावच्या नाटक मंडळाला आम्ही भाऊबीजेनंतरच्या मंडईसाठी नाटकाच्या गाण्यांचे ट्रॅक कबूल करून बसलो होतो. ढोलकीशिवाय मंडईचं गाणं म्हणजे मिठाशिवाय वरण.

*

रिपेअरवाल्याकडे जाण्याआधी घरगुती उपाय झाला. ओल्या वस्तूला तांदूळ चांगला, असं कोणीतरी सांगितलं आणि तांदळाला आमच्याकडे काय तोटा? हार्ड डिस्क चार दिवस कोठीत पुरून ठेवली. ती कोरडी झाली, पण जिवंत काही झाली नाही.

मग बाजारातल्या अन्नू भैयाकडे नेली. त्यानं चष्मा चढवला, केबल लावायच्या भोकात चिमटा घातला आणि अलगद तांदळाचा एक दाणा बाहेर काढला. उजेडात धरून त्यानं तांदळाची जात विचारली, "ये एचएमटी है क्या?"

"नाही, चिन्नोर," हिरालालभाऊ म्हणाले. "घरचा आहे."

*

अन्नू भैयानं नागपूरहून तशाच दुसऱ्या डिस्कची सर्किट प्लेट मागवून बसवली, पाच दिवस कॉम्प्युटर चालू ठेवला आणि सगळं परत काढलं. हिरालालभाऊंच्या डोळ्यांत पाणीच आलं. मग अन्नू भैया म्हणाला, "माल पूरा है. बस नाम-पता मिट गया."

म्हणजे थापा सगळ्या होत्या, पण कुठल्याच फाइलला नाव नव्हतं. नुसते नंबर, एक ते सातशे बारा. कुठली 'धा', कुठली 'ना', कुठली हळू, कुठली जोरात, काही पत्ता नाही. म्हटलं, मी वीस वर्षं कीबोर्ड वाजवतो, मला कान आहेत. दोन दिवस बसून मी सगळ्या थापा लावल्या आणि मोठ्या रुबाबात ठेका सुरू केला.

हिरालालभाऊंच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून धावत आल्या आणि त्यांनी विचारलं, "काय पडलं?"

*

ओळखू शकेल असा एकच माणूस होता. हिरालालभाऊ जायला तयार होईनात. चार वर्षं बोलावलं नाही, आता कोणत्या तोंडानं जाऊ, म्हणाले. मग मीच स्कूटर काढून कामठ्याला गेलो. सदारामभाऊ धान कापत होते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, विळा शेताच्या धुऱ्यावर ठेवला आणि विचारलं, "काऊन मास्तर, आज माया हात कमी पडला का?"

तरी दुसऱ्या दिवशी ते आले. ढोलकी अर्थातच नव्हती. हार्ड डिस्क हातात घेऊन त्यांनी तिचं वजन पाहिलं. "या डब्ब्यात हाये का मी?"

मग ते डोळे मिटून बसले. मी एकेक फाइल वाजवायचो, ते नाव सांगायचे. काहींची तर कुंडलीच. ही पहिल्या दिवशीची. ही तिसऱ्या दिवशीची, तेव्हा करंगळी सुजली होती. ही गाडीवाली. मध्येच एका थापेला त्यांनी डोळे उघडले. "हे मायी नोहे. हे कोन्या मास्तरनं मारली."

खरं होतं! रेकॉर्डिंगच्या वेळी ते जेवायला गेले असताना एक राहिलेली थाप मी हळूच मारून भरली होती. चार वर्षं कोणालाही कळलं नव्हतं.

*

शेवटी घिस्से आले. घिस्सा म्हणजे डाव्या हाताचा तळवा पुडीवर रेटत नेऊन काढलेला घुमारा. गाण्यात तो आला की माणसं आपोआप उठून नाचू लागतात. एकूण चाळीस फाइली होत्या. सदारामभाऊंनी पहिली ऐकली आणि मान हलवली. दुसरी ऐकली, पुन्हा मान हलवली. सगळ्या चाळीस ऐकून म्हणाले, "हे गेले भाऊ. यायच्यात नारयाचं पानी घुसलं."

आम्हाला तर चांगलेच वाजताहेत असं वाटत होतं. पण ज्याला करंगळीची सूज ऐकू येते, त्याच्याशी वाद कोण घालणार? ते स्वतःच म्हणाले, फेकून द्या, नाहीतर बाकीचेही नासतील. हिरालालभाऊंनी चाळीसही फाइली डिलीट केल्या आणि वर हात जोडले.

सदारामभाऊंनी त्याच आठवड्यात ढोलकीला नवी पुडी बसवली आणि केशोरीच्या ट्रॅकमधले घिस्से स्वतः येऊन वाजवले. मंडईत लोकांनी एक गाणं तीनदा लावायला लावलं. तेव्हापासून गाण्यात घिस्सा हवा असला की कामठ्याला फोन जातो. आणि घिस्सा नाही असं गाणं आमच्याकडे होतच नाही.

नंतर एकदा मी अन्नू भैयाला सहज विचारलं, पाणी नेमकं चाळीसच फाइलींत कसं घुसलं असेल? त्यानं चष्मा कपाळावर सरकवला. "मास्टरजी, आप बच्चों को पढ़ाते हैं ना?"

हिरालालभाऊंना मी हे अजून सांगितलेलं नाही.

*

पुढच्या दसऱ्याला पाटावर माइक होता, कीबोर्ड होता, सदारामभाऊंची ढोलकी होती. हार्ड डिस्क मात्र हिरालालभाऊंनी टॉवेलात गुंडाळून पलीकडच्या खोलीतल्या कपाटात कुलूपबंद केली होती. नारळही त्यांनी आपल्या हातानं फोडायचा नाही असं ठरवलं होतं. तो मान सदारामभाऊंना दिला.

सदारामभाऊंनी नारळ कानाशी नेऊन हलवला. पाणी भरपूर होतं. मग त्यांनी पाटावरच्या सगळ्या वस्तूंवरून एकदा नजर फिरवली आणि विचारलं, "भाऊ, तो डब्बा कुठी ठेवला?"