डावं बटण

“बोटं मोज,” साहेब म्हणाला.

मला वाटलं, चेष्टा करतोय. पण त्यानं टेबलावरचे कागद बाजूला सारले, जागा करून दिली. मी दोन्ही पंजे काचेवर ठेवले. माझं वय सत्तेचाळीस. साहेब माझ्या थोरल्या पोराएवढा. एक, दोन, तीन. शाळेतल्यासारखं मोठ्यानं मोजलं. दहा.

“आहेत ना सगळी? मग तुझं काय दुखतंय? कर सही.”

शेजारी बसलेला ठेकेदार हसला. मीही हसलो. माझ्या पंजांचा घाम काचेवर उमटला होता. तो मी बाहीनं पुसला आणि सही केली.

सही कशावर, ते सांगतो.

मुळशीतल्या एका कारखान्यात मी प्रेसवर सेटर आहे, म्हणजे मशीन लावून देणारा. गाड्यांचे पत्र्याचे भाग ठोकून निघतात. प्रेसला दोन बटणं, एक डावीकडं, एक उजवीकडं. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा ठोकळा खाली येतो. म्हणजे दोन्ही हात बटणांवर, ठोकळ्याखाली एकही नाही. माणूस वाचावा म्हणून केलेली सोय. पण त्यात वेळ जातो. म्हणून डावं बटण दाबून बांधूनच टाकायचं, सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून. मग उजव्या हातानं दाबा, डाव्यानं पत्रा सरकवा. माल भराभर निघतो. पट्ट्या बांधायचं काम सेटरचं. पाळी सुरू झाली की मी ओळीनं बांधत जायचो. तपासणीला कुणी येणार म्हटलं की सोडून मोज्यात कोंबायचो. सगळा तोंडी हुकूम. कागदावर कुठंच नाही.

हिरा ठेक्यावर लागली. माले गावाच्या वरच्या अंगाला धनगरवस्ती आहे, तिथली. नवरा शेरडं राखतो. मी मालेचाच, म्हणून मला दादा म्हणायची. पहिल्या दिवशी पट्टीकडं बघून विचारलं, ह्ये बांधायचंच का. मी म्हणालो, समदे बांधत्यात. शेरडाला दावं लावल्यागत दिसतंय, म्हणाली, आणि कामाला लागली.

दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. तिच्या डाव्या हाताची दोन बोटं ठोकळ्याखाली गेली. मी धावलो. मशीन बंद केलं. हात फडक्यात गुंडाळला.

बटण बांधल्याशिवाय बोट जातच नाही, हे तिथं सगळ्यांना माहीत. मग कुणी बांधलं? कागदावर लिहिलं होतं, बाईनं घाईपायी, कुणाला न विचारता, त्याच दिवशी स्वतः बांधलं. खाली माझी सही. दहा बोटं मोजून केलेली.

का केली? भ्यालो. दुसरं कारण नाही. या वयात दुसऱ्या गेटवर मला कोण उभं करणार?

पुढं ठेक्यावरच्या बायांनी, पोरांनी संघटना काढली. रविवारी मारुतीच्या देवळात बसायचे. ठेका बंद करा, बटणं सोडा, एवढंच मागणं. हिरा पुढं बसायची, हात पदराखाली. देवळापाशी आलो की मी मोटरसायकल जोरात काढायचो. एकदा आतून कुणीतरी हाक मारली, “सेटर, या की. हितं कुनी बांदत न्हाई तुमाला.” हशा पिकला. मी मान वळवली नाही.

संघटनेनं सरकारात अर्ज दिला. चौकशी लागली. तेव्हा कंपनीनं हिराला बोलावून घेतलं. चूक माझीच, तक्रार नाही, असा कागद तयार होता. तिनं अंगठा उठवायचा, मी साक्षीदार. ऑफिसबाहेरच्या बाकावर आम्ही बसलो, मधे एक माणूस बसेल एवढं अंतर ठेवून. समोरच्या भिंतीवर त्या दिवाळीआधीच्या खंडेनवमीचा फोटो. त्या दिवशी यंत्रांची पूजा होते, कंपनी फोटो मोठा करून लावते. झेंडूची माळ घातलेला चार नंबरचा प्रेस. हिराचाच. आणि त्याला कुंकू लावणारा एक हात, मनगटात तांब्याचं कडं.

हिरा उठली. जवळ जाऊन बघितलं. उजव्या हाताचं बोट काचेवर टेकवलं.

“दादा, ह्यो हात तुमचाच न्हवं?”

हात माझा. कडं माझं. कुंकू लागत होतं डाव्या बटणावर, ट्यूबच्या पट्टीवर. तिची बोटं जायच्या कितीतरी आधी बांधलेल्या पट्टीवर. पूजेआधी ती सोडावी, हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. इतकी ती मशीनचीच झाली होती.

हिरानं अंगठा दिला नाही. निघून गेली.

साहेबानं दारातून सगळं बघितलं होतं. मला आत घेतलं. फोटो उतरव आणि जाळून टाक, म्हणाला. मी उतरवला. चौकटीतून काढला, शर्टाच्या आत छातीला लावला. परत केबिनच्या दारात उभा राहिलो.

“जाळलास?”

“न्हाई. आनि जाळनार बी न्हाई.”

त्या केबिनमध्ये ‘हो सर’च्या पलीकडं मी पहिल्यांदा बोललो. साहेब खुर्चीतून उठलाही नाही. हळू आवाजात म्हणाला, “बांधलंस तू. सही तुझी. आत तूच जाशील.”

खोटं नव्हतं ते.

गेटवर वॉचमन रोज अंग चाचपतो. त्याचा हात छातीवर आला, कागद करकरला. त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं. जा, म्हणाला. तोही ठेक्यावरचाच.

फोटो आता घरी तांदळाच्या कणगीत आहे. दारासमोर गाडी थांबली की मी कणगीजवळ जाऊन उभा राहतो. बायको विचारते, काय झालंय. मी तिला अजून सांगितलेलं नाही.

सोमवारी चौकशीत माझी साक्ष आहे. फोटो पुढं ठेवणार. हात माझा, सही खोटी, असं सांगणार. माझ्यावर गुन्हा होईल. भीती गेलेली नाही, ती जाईल असंही वाटत नाही. ती घेऊनच जाणार.

आणि एक गोष्ट मी वर लिहिली नाही. हिरा ओरडली तेव्हा मी धावलो, मशीन बंद केलं, हे खरं. पण तिच्या हाताला हात लावायच्या आधी मी बटणावरची पट्टी सोडली. सोडून मोज्यात कोंबली. तोवर तिचं रक्त तसंच वाहत होतं, आणि ती माझ्याकडं बघत होती.

हे फोटोत नाही. हिरानं अजून कुणाला सांगितलेलं नाही. सोमवारी मी पहिल्यांदा तेच सांगणार. मग फोटो.